डावा स्पीकर

आठ डिसेंबर, रविवार. आजचं काम एकच: माझ्या गाडीच्या डाव्या दारातला नवा स्पीकर वाजतो की वाजत नाही, याचा निकाल लावणे. गाडी माझी, स्टिरिओ माझा, आणि माझ्या मते दोन्ही स्पीकर व्यवस्थित वाजत होते. पण आमच्या बिल्डिंगमध्ये एखादी वस्तू चालते आहे की नाही हे तिच्या मालकाने ठरवायचं नसतं. ते तळमजल्यावरचे काका ठरवतात. तुम्ही-आम्ही समजतो की जगात काही वस्तू बिघडलेल्या असतात आणि बाकीच्या चांगल्या. काकांच्या जगात चांगली वस्तू नावाचा प्रकारच नाही. तिथे दोनच जाती: जिचा बिघाड सापडला आहे ती, आणि जिचा अजून सापडायचा आहे ती.

काका सगळं आयुष्य ठाण्यातल्या कोलशेतच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. आता ती कंपनी नाही, तिथे टॉवर उभे आहेत आणि टॉवरांना परदेशातल्या गावांची नावं आहेत. पण काका अजून ड्युटीवरच असतात. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पिवळ्या मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर. तो स्क्रू पिळायला क्वचितच बाहेर येतो. काका त्याचं टोक चालत्या मशिनवर टेकवतात, मूठ डाव्या कानाला लावतात, डोळे मिटतात आणि आत काय चाललंय ते ऐकतात. उजव्या हातात बॅटरी धरायची सवय, म्हणून स्क्रूड्रायव्हर कायम डाव्या हातात आणि डाव्या कानाला. डॉक्टर छातीला नळी लावतात तसंच, फक्त डॉक्टर "श्वास घ्या" म्हणतात आणि काका "सगळे गप्प बसा" म्हणतात. मी फ्रीज घेतला तेव्हा माणसं तो लावून खाली उतरायच्या आत काका वर आले होते. कॉम्प्रेसर ऐकून म्हणाले, "ठीक आहे. पण मागचा एक स्क्रू ढिला ठेवलाय." होताच. डोंबिवलीत आमच्या ओळखीच्यांकडे हळद होती. तिथल्या हळदीत स्पीकरचे भिंतीएवढे बॉक्स रचतात आणि मांडवातल्या ताटल्या आपोआप पुढे सरकतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सगळं गाव नाचत असताना काका त्या भिंतीपाशी गेले आणि एका बॉक्सला स्क्रूड्रायव्हर लावून उभे राहिले. नवरदेवाच्या मामाला वाटलं काका रंगात आलेत, त्याने त्यांना हाताला धरून नाचात ओढलं. काका नाचले, परत गेले, आणि डीजेवाल्याला खूण करून म्हणाले, "खालून दुसरा. पडदा फाटलाय." डीजेवाला हसला. दुसऱ्या दिवशी सामान उतरवताना पडदा फाटलेला निघाला, आणि तो माणूस मिठाई घेऊन काकांकडे आला.

कान ही झाली देणगी. पण काकांना अभिमान पद्धतीचा. "बिघाड शोधायचा नसतो," ते सांगतात, "जे बिघडलेलं नाही ते बाद करत जायचं. शेवटी उरतो तो बिघाड. आणि शंका आली की अदलाबदल. दोन बल्बांतला एक लागत नाही? बल्ब बदलून लाव. दोष बल्बाबरोबर गेला तर बल्बाचा, जागेवर राहिला तर जागेचा." ऐकायला सोपं आहे. मात्र काका ते बल्बापुरतं ठेवत नाहीत. काकूंना एकदा ताप आला, तर काकांनी आधी स्वतःला थर्मामीटर लावला, थर्मामीटर बाद करायला. मग माझ्याकडचा थर्मामीटर मागवून काकूंना लावला. मग दोन्ही थर्मामीटर मला लावले. ताप काकूंनाच आहे असं सिद्ध झालं तोवर ताप उतरला होता. काकू पांघरुणातून म्हणाल्या, "आता मला बाद करा आणि चहा टाका."

खडवलीची सहल तर आमच्या बिल्डिंगमध्ये अजून सांगतात. मी गाडी चालवत होते, शेजारी काका, मागे काकू आणि माझ्या सासूबाई. टिटवाळा सोडल्यावर काकांनी हात वर केला. "टिकटिक येतेय." मला काही ऐकू येईना. काकांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, बॉनेट उघडलं, बंद केलं, डिकीतले डबे खाली उतरवले. टिकटिक येतच होती, म्हणजे त्यांना येत होती. मग त्यांनी माणसं बाद करायला घेतली. आधी सासूबाईंना उतरवलं आणि थोडं पुढे जाऊन पाहिलं. आवाज होता. परत येऊन काकूंना उतरवलं. आवाज गेला. काकूंच्या काचेच्या बांगड्या दाराच्या कडीला लागत होत्या, एवढीच गोष्ट. इंजिन चालू, काचा खाली, बाजूने ट्रक जातायत, आणि ह्या माणसाला मागच्या सीटवरच्या बांगड्या ऐकू आल्या होत्या. रस्त्याच्या कडेला, सासूबाईंच्या छत्रीखाली उभ्या राहून काकू म्हणाल्या, "शेवटी बायकोच बिघाड निघाली ना?"

"तू नाहीस," काका शांतपणे म्हणाले. "तुझा हात."

काकूंबद्दल एवढंच सांगते की त्या सतत बोलतात आणि काका उत्तर देत नाहीत. जेवायच्या टेबलाशी काका मधल्या खुर्चीत आणि काकू त्यांच्या डावीकडे, कारण तिकडे स्वयंपाकघराचं दार. भाजी वाढता वाढता काकू भाजीवाल्यापासून सुनेपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतात, आणि काका समोरच्या भिंतीकडे बघत जेवतात. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मला वाटलं भांडण झालंय. काकूंनी समजूत घातली, "नाही गं, हे असेच. लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर जे गप्प झाले ते झालेच."

या पावसाळ्यात आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप कुरकुरायला लागला. कमिटीने नेहमीप्रमाणे काकांना बोलावलं. काकांनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि निर्णय दिला, "बेअरिंग ठणठणीत आहे. आत एकदम शांत आहे. उगाच खोलू नका." थोड्याच दिवसांत पंप जाम झाला. बेअरिंगचा चुरा झाला होता. लोकांनी बादल्या घेऊन शेजारच्या बिल्डिंगमध्ये रांगा लावल्या, आणि त्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "यापुढे कानाबिनाचं नको, सरळ मेकॅनिकला बोलवू." बोलले ते वाईट मनाने नव्हे, पण सगळ्यांसमोर बोलले. दुसऱ्या दिवशी काकांच्या खिशात पेन होतं. त्यानंतर कोणी त्यांना मिक्सर दाखवला नाही, मोटार दाखवली नाही, आणि ते जिन्यात भेटले की लोक हवापाण्याचं बोलायला लागले. पुन्हा एकदा, एकदा तरी, बरोबर ठरणं हे त्या माणसाला किती गरजेचं होतं ते मला दिसत होतं. मला असल्या गोष्टी बघवत नाहीत आणि त्यावर हळहळत बसायलाही आवडत नाही.

म्हणून गाडीत नवा स्टिरिओ बसवला तेव्हा मी मुद्दाम काकांना खाली बोलावलं. मी ठाण्याला वकिलांच्या ऑफिसात काम करते, येताजाता गाडीत बरेच तास जातात, जुन्या स्टिरिओने मान टाकली होती. नवा मी कोलशेतच्या एका दुकानात बसवून घेतला. पडदा असलेला, फोन जोडता येणारा. काका शेजारी बसले, मी बातम्या लावल्या. खिशात पेन नव्हतं, स्क्रूड्रायव्हर होता. मला बरं वाटलं. ते अर्ध्या मिनिटाने म्हणाले, "डावा बोलत नाही."

"वाजतोय की, काका."

"तू उजवीकडे बसतेस. तुझ्या बाजूचा वाजतोय. डाव्याचं तुला काय कळणार?"

हा मुद्दा बिनतोड होता. वकिलांकडे काम करत असल्यामुळे बिनतोड मुद्दा आला की मी गप्प बसते. पुढच्या शनिवारी काकांना घेऊन दुकानात गेले. दुकानदार कोलशेतचाच, तिथल्या जुन्या घरांतला, बोलायला मोकळा. त्याने डाव्या दारावर हात ठेवला. "काका, हात लावून बघा. थरथरतंय ना?"

"थरथरणं म्हणजे बोलणं नव्हे," काका म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अदलाबदल करा." त्याने दोन्ही दारांची आतली पॅनल काढली, उजवा स्पीकर डावीकडे, डावा उजवीकडे. काका जागेवर बसून राहिले. "अजून डावाच बंद. म्हणजे स्पीकर बाद. दोष वायरचा." त्याने स्टिरिओपासून डाव्या दारापर्यंत नवी वायर ओढून दिली. "अजून डावाच. वायर बाद." काकांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. इतका हट्टी बिघाड त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. दुकानदाराने कपाळाचा घाम पुसला. "काका, आता काय दार बदलू? का ताईंना नवीन गाडीच घ्यायला लावता?" तरी त्याने नवाकोरा स्पीकर खोक्यातून काढून डावीकडे लावून पाहिला. काकांनी मान हलवली. शेवटी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, वाजतंय ओ सगळं. आईशप्पथ. पन काकांना नाय म्हनवत नाय."

परत येताना काका खिडकीतून टॉवरांकडे बघत होते. "इथे आमचं गेट होतं," ते म्हणाले. "बॉयलर हाउसपासून माझ्या टेबलापर्यंत केवढं अंतर, पण व्हॉल्व्ह गळायला लागला की मी उठायचो. साहेब म्हणायचे, अजून गेजवर दिसत नाही आणि ह्याला कसं कळतं." मग जरा वेळाने, "ह्या स्पीकरचा बिघाड मी शोधणार. मग सेक्रेटरींना खाली बोलावून दाखव." माझ्या गाडीचा स्पीकर सेक्रेटरींना दाखवण्यात काय अर्थ होता ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तर आज रविवार. जेवणं झाल्यावर मी गाडी पार्किंगमध्ये काकांच्या खिडकीसमोर आणली आणि म्हटलं, आज निकाल. काकांची पद्धत मला पाठ झाली होती. स्पीकर बाद, वायर बाद. उरला स्टिरिओ. पडद्यावर गाडीचं चित्र येतं आणि एक ठिपका असतो. ठिपका डावीकडे सरकवला की सगळा आवाज डावीकडून, उजवीकडे सरकवला की उजवीकडून. मी बातम्या लावल्या आणि ठिपका पूर्ण डावीकडे नेला. उजवं दार गप्प झालं. माझ्या गुडघ्याशी काही नाही, सगळा आवाज काकांच्या बाजूने.

"काय येतंय?" मी विचारलं.

"लांबून येतंय," काका म्हणाले. "उजवीकडून. तू उजवीकडे फिरवलंस."

मी पडद्यावर बोट ठेवलं. काका ठिपक्याकडे बघत राहिले. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत बघितलं. मग त्यांनी डाव्या दारावर पंजा ठेवला. दार थरथरत होतं. बातम्या देणारी बाई त्यांच्या तळहाताखाली बोलत होती.

मला तेव्हा कळलं. त्यांना माझ्या आधी कळलं असावं, कारण ते म्हणाले, "एक अदलाबदल राहिलीय." त्यांनी चपला काढल्या, पुढच्या सीटवर गुडघे टेकले आणि लहान मूल खिडकीशी बसतं तसे डोकं टेकायच्या उशीला मिठी मारून मागे तोंड करून बसले. एवढ्या वयाचा माणूस, इस्त्रीचा शर्ट. वॉचमन खुर्चीतून उठून बघायला लागला. काकू खिडकीत आल्या. आता ती खिडकी काकांच्या डाव्या हाताला होती. "अहो! पडाल! वय काय, बसताय कसे! अहो, मी काय म्हणतेय!" काकांनी तिकडे पाहिलं नाही. काकूंनी मला हाताने 'काय हे' अशी खूण केली आणि आत गेल्या.

"आता लाव," काका म्हणाले. "मध्यावर ठेव."

मी ठिपका मध्यावर आणला. काकांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा कान आता डाव्या दाराकडे होता.

"डावा बोलतोय," ते म्हणाले. "स्वच्छ बोलतोय. उजवा बंद झाला."

मी स्टिरिओ बंद केला. काका तसेच उशीला धरून बसून राहिले. मग म्हणाले, "दोष माझ्याबरोबर फिरला." जसं एखाद्या पंपाबद्दल सांगावं तसंच सांगितलं. सरळ होऊन बसले, चपला घातल्या. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मुठीकडे बघत म्हणाले, "पंपाला मी हाच कान लावला होता. डावा. आत एकदम शांत आहे, म्हणालो होतो." आणि मग, "सेक्रेटरी बरोबर होते."

मी रडूबिडू शकत नाही आणि दुसऱ्याला थोपटताही येत नाही. मी म्हटलं, "काका, ठाण्याला आमच्या ऑफिसच्या खाली कानाचे डॉक्टर आहेत. उद्या सकाळी माझ्याबरोबर चला."

"कोणाला सांगू नकोस."

"सांगायचं काय त्यात? वस्तू बिघडते. दाखवून आणायची. तुम्हीच म्हणता."

"वस्तू," काका म्हणाले. जरासे हसल्यासारखे वाटले. "काकूला तूच सांग. मी सांगितलं तर ती जे बोलेल ते मला अर्धंच ऐकू येईल."

वर आल्यावर मला एकेक आठवायला लागलं. लिफ्टमध्ये काका हल्ली डाव्या कोपऱ्यात उभे राहायचे. मीटिंगमध्ये डावीकडच्या भिंतीला टेकून बसायचे, आणि आम्ही समजलो की रुसलेत. माझ्या गाडीत मी त्यांच्या उजवीकडे, म्हणून मला त्यांनी प्रत्येक वाक्याला उत्तर दिलं, आणि काकूंना एकालाही नाही. हे कधीपासूनचं आहे? त्यातलं किती कानाचं आणि किती स्वभावाचं? हे वेगळं काढायची पद्धत काकांकडेही नसणार. तेवढ्या मागे जाऊन अदलाबदल करता येत नाही.

नऊ डिसेंबर, सोमवार. सकाळी मी ऑफिसला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि तळमजल्यावर गेले. काका टेबलाशी बसले होते, आंघोळ वगैरे करून, खिसा रिकामा. मी आत स्वयंपाकघरात जाऊन काकूंना सगळं सांगितलं, दोन वाक्यांत. काकूंच्या हातातलं गाळणं थांबलं. "मला कसं कळणार गं?" त्या म्हणाल्या. "माझं तर यांना पहिल्यापासूनच ऐकू येत नाही." आणि मग तोंड फिरवून चहा गाळायला लागल्या. बराच वेळ गाळत होत्या. चहा दोनच कप होता.

मी बाहेर येऊन काकूंची खुर्ची उचलली आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, फ्रीजला लागून, काकांच्या उजव्या हाताला ठेवली. जागा अडचणीची होती. फ्रीजचं दार आता अर्धंच उघडणार होतं.

काकू कप घेऊन आल्या आणि उभ्या राहिल्या. "हे काय आता? मी तिकडून वाढू कशी?"

"लांबून वाढा," मी म्हटलं. "बसा."

काकू कशाबशा फ्रीज आणि टेबलाच्या मध्ये शिरल्या, बसल्या, आणि काकांपुढे कप सरकवला. बांगड्या वाजल्या. काकूंनी सवयीने बोलायला सुरुवात केली होती, साखर कमी पडली असेल तर तोंडाने सांगायची पद्धत असते, वगैरे. काकांनी हात वर केला. तोच, टिटवाळ्यापुढे केला होता तसा. काकू थांबल्या.

"परत हलव," काका म्हणाले.

"काय हलवू?"

"हात."

काकूंनी हात हलवला. काकांनी डोळे मिटले होते.

"मनगटाकडून दुसरी," ते म्हणाले. "पिचलीय. काढून टाक, लागेल तुला."

काकूंनी बांगड्या एकेक करून उजेडात फिरवल्या. मनगटाकडून दुसरी. केसासारखी चीर होती. त्यांनी ती हळूच उतरवून टेबलावर ठेवली.

मी गाडीची किल्ली वाजवली. "चला काका, शीळफाट्याला गर्दी होईल."

काका उठले. चपला घालून दारापर्यंत गेले, परत आले, आणि ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढून खिशात ठेवला.